जपानी प्रेमगाणं ऐकून उगाच भारी वाटायला लागलंय, हा काय प्रकार आहे?

एनफोरची_वारकरी:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट आहे हे आधीच सांगते. डिसेंबरात जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन फोर लेव्हल द्यायचीये त्यामुळे रात्री जेवणं झाली की हेडफोन घालून जपानी काहीबाही ऐकत पडते, म्हणजे अभ्यासच पण झोपेच्या वाटेवरचा, आणि आमच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या जपानीच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी स्पिट्झ नावाच्या बँडचं 'सोरा मो तोबेरु हाझु' टाकलं होतं ते लावलं. तोपर्यंत जपानी संगीत म्हणजे मला अ‍ॅनिमेची टायटल साँग्ज, तीपण भावाच्या खोलीतून येतील तेवढीच. हे तसलं नाहीये. आरडाओरडा नाही, रडारड नाही, गिटार सुटी सुटी वाजतीये आणि एक माणूस इतक्या स्वच्छ आवाजात गातोय की त्याचं वयच कळत नाही. कोरस आला आणि मी उठून बसले. खरंच.

शब्द मला अर्धेमुर्धे कळतात. कुणीतरी भेटलंय, त्यामुळे आता आकाशातसुद्धा उडता येईल असं काहीतरी चाललंय एवढं लागलं. पण गंमत म्हणजे चाल पूर्ण आनंदाची पण नाहीये, मधेमधे घशात काहीतरी अडकतं आणि तरी संपल्यावर माणूस हलका होतो. आता रोज सकाळी कोथरूडहून मेट्रोत बसले की पहिलं हेच लावते, गर्दीत कुणाचं कोपर लागलं तरी राग येत नाही. आईला ऐकवलं तर ती म्हणाली चांगलं आहे पण सगळे जपानी इतके हळू का बोलतात.

मग शोधाशोध केली तर बँड १९८७ पासूनचा निघाला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, आणि तेच चौघं अजून वाजवतायत. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक शाळेच्या निरोपाच्या आठवणी काढून रडतायत. तर मला विचारायचं होतं की हे प्रेमाचं गाणं आहे का शाळेचं, आणि न कळणाऱ्या भाषेतलं गाणं असं वर कसं काय उचलतं? शिवाय अशा जुन्याजाणत्या बँडची अजून काही प्रेमगीतं असतील तर सांगा. रडकी नकोत प्लीज, परीक्षा आहे.


खवचट_पेठकर:
गर्दीत कोपर लागून राग येत नसेल तर गाणं सोडा, आधी डॉक्टरला दाखवा. पुणेकराचं हे लक्षण बरं नाही.

बाकी चार माणसं १९८७ पासून एकत्र आहेत हे वाचून मी चाट पडलो. आपल्याकडे चार माणसं एकत्र आली की वर्षभरात दोन संस्था निघतात आणि दोन्हीकडे अध्यक्ष वेगळा.


नागोयाकर:
अरे वा, स्पिट्झवर धागा! मी कंपनीच्या कामानं काही वर्षं नागोयाला होतो (आता वाकड, त्यामुळे नाव बदलायला हवं खरं). तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की प्रेमाचंच गाणं आहे, शाळेचं नंतर झालं.

सिंगल आलं एप्रिल १९९४ मध्ये. तेव्हा बँड फार कुणाला माहीत नव्हता आणि गाणं काही विशेष वर चढलं नाही. पुढच्या वर्षी, १९९५ ला, 'रॉबिन्सन' आलं आणि ते मात्र तुफान चाललं, दहा लाखांच्या वर खप गेला. (त्या गाण्यात रॉबिन्सन हा शब्दच नाहीये, बँडचा गायक कुसानो थायलंडला फिरायला गेला होता तिथल्या एका डिपार्टमेंट स्टोअरचं नाव आहे ते, लिहिताना तात्पुरतं दिलं आणि तेच राहिलं.) मग जानेवारी १९९६ मध्ये फुजी टीव्हीवर 'हाकुसेन नागाशी' नावाची मालिका सुरू झाली, मात्सुमोतोमधल्या शेवटच्या वर्षाच्या हायस्कूलच्या पोरांची, आणि तिला हे जुनं गाणं थीम म्हणून लावलं. तेव्हा ते ओरिकॉनवर, म्हणजे तिथल्या खपाच्या यादीत, पहिल्या नंबरला गेलं, म्हणजे येऊन जवळजवळ दोन वर्षं झाल्यावर! तिथून ते पदवीदान, निरोप समारंभ, शाळांच्या कोरस स्पर्धा सगळीकडे घुसलं ते आजतागायत.

मालिकेचं नाव ज्या प्रथेवरून आहे ती तकायामा गावच्या एका हायस्कूलची आहे. पदवीदान झालं की मुलं टोपीवरची पांढरी फीत काढतात, मुली गणवेशाचा स्कार्फ सोडतात, आणि ते सगळं एकाला एक बांधून लांबच लांब माळ करून नदीत सोडतात. नागोयाहून तकायामाला हिदा नावाची ट्रेन जाते, डोंगरातून नदीच्या कडेकडेनं, फार सुंदर रस्ता आहे, कधी गेलीस तर ती घे, बसनं जाऊ नको.

आमच्या ऑफिसात पन्नाशीचे साहेब लोक होते, दिवसभर तोंडातून अक्षर नाही निघायचं, आणि कराओकेला गेलं की हमखास कुणीतरी हे लावायचं. त्यांच्या कॉलेजच्या, नाहीतर नव्या नोकरीच्या काळातलं ना ते. सगळे आधी मशीनवर पट्टी दोन-तीन घरं खाली करून घ्यायचे कारण कुसानो मासामुनेचा आवाज मुलखाचा उंच.


पेटीवाले_काका:
मुली, छान प्रश्न विचारलास. मी गाणं लावून ऐकलं, नातवाकडून दोनदा लावून घेतलं. जपानी मला शून्य येतं. पण तुला ओळखीचं का वाटतंय त्याचं एक कारण मी सांगू शकतो.

जपान्यांचं एक स्वरसप्तक आहे, त्याला ते योनानुकी म्हणतात. योना म्हणजे चौथा आणि सातवा, ते दोन गाळलेले. आता बघ, मध्यम आणि निषाद गाळले की काय राहतं? सा रे ग प ध. भूप! मेइजी काळात त्यांनी शाळांसाठी गाणी बसवायला घेतली, १८८१ च्या सुमाराला, तेव्हा स्कॉटलंडची एक प्रसिद्ध चाल उचलून त्यावर 'होतारु नो हिकारी' केलं, ते त्यांच्याकडे अजून निरोपाला म्हणतात. ती स्कॉटिश चालसुद्धा ह्याच पाच स्वरांची. म्हणजे तिथल्या पोरांच्या कानात शाळेपासून भूपाचे स्वर आणि इथल्या पोरांच्याही, आपल्याकडे पहिला राग बहुतेकांना भूपच शिकवतात. क्यू साकामोतोचं १९६१ चं ते शीळ घातलेलं गाणं, जे १९६३ ला अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं, त्याची पहिली ओळ पेटीवर वाजवून बघ, बोटं आपोआप भूपात पडतात.

आता तुझ्या ह्या बँडमध्ये शुद्ध भूप शोधायला जाऊ नकोस, ती रॉकवाली मंडळी आहेत, सगळे स्वर लावतात. पण घडण त्या कानांची आहे. आणि घशात अडकतं म्हणालीस ना, त्याबद्दल एक सांगतो. भूप आणि देशकार, स्वर तेच पाच. गंधारावर विसावलास तर भूप, संध्याकाळची वेळ. धैवताला मान दिलास की देशकार, सकाळ. एक स्वर इकडचा तिकडे नाही तरी प्रहर बदलतो. तेव्हा आनंदाचे स्वर वेगळे आणि दुःखाचे वेगळे अशी वाटणी करू नये, कुठे थांबतोस त्यावर सगळं असतं.


बास_नको_ट्रेबल:
काका दंडवत, पण मी थोडं भांडणार. पाच स्वरांनी गोडवा येतो मान्य, पण उचलणं जे ती म्हणतीये ते चालीत कमी आणि मागे जे चाललंय त्यात जास्त आहे असं माझं मत (मी बास वाजवतो, माझं मत असंच असणार).

वारकरी, पुढच्या वेळी गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून ऐक. गिटारवाला मिवा तेत्सुया, तो कॉर्ड धाडकन वाजवत नाही, एकेक तार सुटी सोडतो, आर्पेजिओ म्हणतात त्याला, ह्या बँडची सहीच आहे ती. त्यामुळे गाणं हळू असलं तरी आत सतत काहीतरी सरकत असतं. आणि बासवाला तामुरा आकिहिरो, त्याला गप्प बसताच येत नाही, लाइव्हचे व्हिडिओ बघ, वर तो बापडा मासामुने पुतळ्यासारखा उभा राहून गातोय आणि हा शेजारी स्टेजभर उड्या मारतोय. रेकॉर्डिंगमध्ये पण त्याचा बास नुसता सा धरून बसत नाही, स्वतःची वेगळी चाल घेऊन गाण्याच्या खालून पळत असतो. ड्रम्सवर साकियामा तात्सुओ, अगदी सरळ, सुटसुटीत. म्हणजे वरून भावगीत आणि खालून रॉक. वरचं थांबायला बघतं, खालचं थांबू देत नाही, आणि आपण दोघांच्या मधे सापडतो.

हे असं का तर मुळात ही पोरं पंक वाजवायची. ब्लू हार्ट्स म्हणून एक जबरदस्त बँड होता तेव्हा, कुसानोला त्यांचं ऐकून वाटलं की आपल्याला जे करायचं होतं ते ह्यांनी आधीच करून टाकलंय, आता काय उरलं. मग त्यानं अकूस्टिक गिटार घेतलं आणि वेगळ्या गोड चाली बांधायला लागला. पण हात पंकचेच राहिले ना. नुसत्या गोड बँडला हे जमत नाही.

अजून एक, जपानी पॉपमध्ये कॉर्ड्सची एक ठरलेली चाल आहे, ओदो शिंको, म्हणजे राजमार्ग म्हणायचा. चौथी, पाचवी, मग तिसरी मायनर, मग सहावी मायनर. काकांच्या भाषेत मध्यमाच्या कॉर्डपासून सुरू करून पंचमावर चढायचं, आता सा येणार असं वाटतं आणि तो देतच नाही, मायनरमध्ये वळतो. तुझा घसा जो अडकतो ना तो बऱ्याच जपानी गाण्यांत ह्या वळणावर अडकतो. सा मिळायचा तो मिळतो पण उशिरा, आणि वाट बघायला लावल्यामुळे जास्त गोड लागतो.


एनफोरची_वारकरी:
बापरे मला वाटलं दोनचार लोक लिंका देतील आणि संपेल. काका, भूपाचं वाचून अंगावर काटा आला, लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलीये मी, भूपातली सरगमच बसवली होती पहिली. बास, तुम्ही सांगितलं तसं ऐकलं, खरंच तो माणूस खाली वेगळंच काहीतरी वाजवतोय! आता तेच ऐकू येतं, गाणाऱ्याकडे लक्षच जात नाही, हे काही बरं नाही केलंत.

पण शब्दांचं काय? ते खरंच एवढे साधे आहेत का, का मला एन फोरपुरते कळतायत म्हणून साधे वाटतायत?


भाषांतराची_हमाल:
शब्दांचं मी बोलते, पोट त्यावरच चालतं. (दिवसा वाहनांच्या सुट्या भागांची मॅन्युअलं, चाकण आणि रांजणगावच्या कृपेनं. त्यामुळे कुणी गाण्याबद्दल विचारलं की मला सुटी मिळाल्यासारखं होतं.)

साधे अजिबात नाहीत. कोरस साधा आहे, तो एन फोरवाल्यांना कळावा असाच आहे. पण कडवी नीट वाच. पहिल्या कडव्यात देवाच्या सावलीला भिणारा एक मुलगा आहे आणि त्यानं चाकू लपवून ठेवलाय. चक्क चाकू! आणि तो त्याला शोभत नाहीये. समोरची मुलगी काहीतरी विनोदी गाणं म्हणून त्याची समजूत घालते. पुढे रंग उडणं आहे, तडे जाणं आहे, आणि जग कसं तर कचऱ्यानं चमचमणारं, ते आपल्याला नाकारेल कदाचित. एवढं सगळं झाल्यावर तो तिला म्हणतो की नेहमी शेजारी राहून हसत राहा. म्हणजे ढगात बसून कुणी प्रेम करत नाहीये इथे. ह्या मुलाची परिस्थिती फार काही बरी नाही, तो तिच्यामुळे तगलाय, आणि उडता येईल असं त्याला वाटतंय, अजून उडालेला नाही तो. मला तरी ह्यामुळेच ते गाणं पटतं. आपल्या सिनेमातला हिरो पहिल्या ओळीत चंद्र तोडून आणतो, मग बाईनं काळजी करायची कशाची.

कुसानो सुरुवातीच्या काळात मुलाखतीत म्हणायचा की माझ्या गाण्यांचे विषय दोनच, शरीरसंबंध आणि मृत्यू. शाळेच्या कोरस स्पर्धेत पांढऱ्या सॉक्समधली पोरं त्याचं गाणं म्हणतायत हे बघून त्याला काय वाटत असेल देव जाणे. पण हे एकदा कळलं की त्याची सगळी गोड गाणी थोडी संशयानं ऐकावीशी वाटतात, आणि मजा दुप्पट होते. बास_नको_ट्रेबल म्हणतायत तसं वर भावगीत खाली रॉक, तर शब्दांतही तेच आहे.


खवचट_पेठकर:
लपवलेला चाकू, कचऱ्यानं चमचमणारं जग, देवाची भीती. हे प्रेमगीत आहे का आमच्या पेठेचं वर्णन?

मी पण ऐकलं शेवटी, बायकोनं लावलं. वाईट नाही. अरुण दात्यांच्या काळात आपल्याकडेही माणसं आवाज न चढवता प्रेम करायची, तो सूर आठवला. फक्त गाणं चार मिनिटांचं आहे आणि तुमच्या चर्चेला आता त्याच्या दसपट वेळ लागतोय वाचायला.


नागोयाकर:
पेठकर वहिनींना नमस्कार सांगा, त्यांना रॉबिन्सन पण ऐकवा.

वारकरी, तू अजून गाणी मागितली होतीस ती राहूनच गेली. स्पिट्झचंच 'चेरी' घे आधी, १९९६ चं. सुरुवात निरोपासारखी आहे पण पाऊल पुढे टाकायला लावणारं गाणं आहे, परीक्षेला अगदी योग्य. 'काएदे' मात्र आत्ता लावू नको, सुंदर आहे, १९९८ चं, पण ताटातुटीचं आहे आणि तुझी अट रडकं नको अशी आहे. निकाल लागल्यावर ऐक, पास झालीस तरी.

बाहेर पडायचं तर सदर्न ऑल स्टार्स. हे अजून म्हातारे, १९७८ पासूनचे. समुद्र, उन्हाळा आणि प्रेम हा त्यांचा प्रांत, गायक कुवाता केइसुके मूळचा चिगासाकीचा, कानागावाच्या किनाऱ्यावरचा, आणि कीबोर्डवरची हारा युको त्याची बायको. १९७९ चं 'इतोशी नो एली' त्यांचं पहिलं मोठं प्रेमगीत, ते इतकं आवडलं लोकांना की दहा वर्षांनी रे चार्ल्सनं इंग्रजीत गायलं, व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी. 'मानात्सु नो काजित्सु' (१९९०) हाँगकाँगच्या जॅकी चंगनं गाऊन सगळ्या चिनी जगात पोचवलं. आणि २००० सालचं 'त्सुनामी', नाव भयंकर पण गाणं निव्वळ प्रेमाचं, त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच. २०११ च्या भूकंपानंतर मात्र रेडिओवाले ते लावायला कचरायचे, बरीच वर्षं. कुवाताचे उच्चार अभ्यासाला घेऊ नको हां, तो जपानी असं गातो की जपान्यांनासुद्धा ओळी वाचून बघाव्या लागतात.


भाषांतराची_हमाल:
त्यात मिस्टर चिल्ड्रेन घाला. १९९२ ला पहिली सीडी, साकुराई काझुतोशी गायक. 'साइन' ऐक, २००४ चं. 'ऑरेंज डेज' मालिकेचं थीम होतं, त्यातली नायिका व्हायोलिन वाजवणारी आणि तिला ऐकू येईनासं झालंय, नायक कॉलेजातला साधा मुलगा, दोघं खुणांच्या भाषेत भांडतात. हे कळून गाणं ऐकलं की वेगळंच लागतं. ते पण वर उचलणारं आहे, तुझ्या यादीत चालेल.

आणि अभ्यासाच्या दृष्टीनं सांगायचं तर कुसानो मासामुने शिकणाऱ्यांना फार चांगला, एकेक अक्षर सुटं ऐकू येतं. तुझ्या आईनं हळू बोलतात म्हणून जे म्हटलं ना ते कौतुक समज. मी शिकत होते तेव्हा गाणं लावायचं, ऐकून हिरागानात, म्हणजे जपानीच्या साध्या लिपीत, उतरवायचं आणि मग मूळ ओळींशी ताडून बघायचं असं करायचे. ऐकण्याच्या पेपरला ह्याचा उपयोग होतो. फक्त गाण्यातली वाक्यरचना निबंधात वापरू नकोस, तिथे क्रियापद अधांतरी सोडलेलं चालत नाही.


एनफोरची_वारकरी:
सगळ्यांचे खूप खूप आभार, सगळी यादी उतरवून घेतली. चाकूवाल्या कडव्यानंतर गाणं आता वेगळंच ऐकू येतंय, आधी मला वाटायचं तो खूश आहे म्हणून मला बरं वाटतं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. परीक्षेनंतर आमच्या बॅचचा छोटा कार्यक्रम आहे, आणि मैत्रिणींनी हे वाचून (हो त्या पण इथे येऊन चोरून वाचतात) माझं नाव गाण्यासाठी टाकून दिलंय. एक मुलगा गिटार वाजवतो पण त्याचं म्हणणं हे अवघड आहे, काहीतरी सोपं घे. आणि मला त्या बुवांच्या पट्टीत गाता येईल का? पेटी पण आहे घरी.


बास_नको_ट्रेबल:
त्याला म्हणावं 'चेरी' घे. जपानमध्ये गिटार शिकणाऱ्या पोरांचं ते पहिलंवहिलं गाणं असतं. सी, जी, ए मायनर, ई मायनर, एफ, सी, एफ, जी, बस, कडवं ह्यावरच फिरतं. पाचेलबेलच्या कॅननची चाल आहे ती, तीनशे वर्षं जुनी, अजून मरत नाही. अडेल तो फक्त एफला, बोट आडवं टाकायला लागतं तिथे, जगातली निम्मी गिटारं एफपाशीच कपाटावर गेलीयेत. आत्तापासून रोज थोडं बसला तर डिसेंबरपर्यंत निघेल.

आणि खाली बास हवा असेल तर मी मोकळा आहे. चहावर येईन.


पेटीवाले_काका:
पट्टीची काळजी करू नकोस. पुरुषाचा इतका उंच आवाज असला की बायकांना ते गाणं पुष्कळदा आहे त्याच पट्टीत जमून जातं, पंचाईत होते ती नागोयाकरांच्या साहेबांची. तो बासवाला सी म्हणतोय म्हणजे आपली पांढरी एक. पेटीवर पांढरी एकचा सा धर आणि सगळ्यात वरची ओळ आधी म्हणून बघ, तोंड वाकडं न करता लागली तर ठीक. नाही लागली तर अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली ये, काळी पाचपर्यंत उतरलीस तरी हरकत नाही. पण मग गिटारवाल्याला आधी सांग, ऐन वेळेला सांगितलं की ते लोक बिथरतात.

आणि पेटी वाजवणार असशील तर गाण्याच्या मागे मागे प्रत्येक स्वर वाजवू नकोस. ह्या संगीताला ते मानवत नाही. नुसता भाता भरून सा-प धर, नाहीतर तो म्हणतोय त्या कॉर्ड तीन बोटांनी दाबून ठेव आणि मोकळं गा.


खवचट_पेठकर:
कार्यक्रम कुठे आणि किती वाजता? दुपारी एक ते चार सोडून असेल तर आम्ही दोघं येतो. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात ठेवा ना, ओकायामाच्या बागेवरून केलेलीच आहे ती, जपानी गाण्याला आयतं नेपथ्य. मोठ्यानं गाऊ देतात का ते मात्र आधी विचारून घ्या, शिट्टी मारणारा रखवालदार आहे तिथे आणि त्याला भूप आवडतो की नाही कल्पना नाही.


एनफोरची_वारकरी:
हाहाहा नाही हो, वर्गातच आहे, खुर्च्या सरकवून. काका, पांढरी एकला वरची ओळ लागली! तोंड थोडं वाकडं झालं पण लागली. बास, गिटारवाल्याला तुमचा मेसेज दाखवला, तो एफ वाजवतोय आणि शिव्या देतोय, दोन्ही एकदम. चहा नक्की, अमृततुल्यचा चालेल ना?


बास_नको_ट्रेबल:
पळेल. अ‍ॅम्प मी आणतो, वर्गात प्लग पॉइंट तीन पिनांचा आहे का तेवढं बघून ठेव.